आळ्याच्या काठापर्यंत

कुवेतमधील गवताचा विचार पाण्यापासूनच सुरू करावा लागतो, कारण ज्या देशात बारमाही नदी एकही नाही आणि वर्षभराचा पाऊस सरासरीने ११०-१२० मिलिमीटरच्या आसपास पडतो, तिथे घरापुढची हिरवळ किंवा रस्त्याच्या दुभाजकावरचा हरळीचा पट्टा हा कोणीतरी रोज पाणी दिल्यामुळेच जिवंत असतो. हे पाणीही सहज आलेले नसते. २००४ साली सुरू झालेल्या सुलैबिया येथील प्रकल्पात सांडपाणी आधी नेहमीच्या पद्धतीने आणि नंतर अतिसूक्ष्म पडद्यांतून दाबाने गाळून पुन्हा वापरण्याजोगे केले जाते, आणि सुरुवातीलाच दिवसाला ३,७५,००० घनमीटर क्षमतेने उभारलेला हा प्रकल्प मुख्यतः शेती आणि बागाईतासाठी पाणी देतो. पाणी मिळाले की हरळी मात्र उष्णतेला घाबरत नाही. गणपतीला दूर्वा म्हणून वाहिली जाते ती हीच वनस्पती, आणि थंड देशांतले लॉनचे गवत जिथे करपून जाते तिथे ती आठवड्याभरात घोट्यापर्यंत वाढते, कुंपणाच्या जाळीत शिरते, पदपथाच्या फरशांमधल्या भेगांत पाय रोवते. सपाट हिरवळीवर ढकलायचे किंवा बसून चालवायचे यंत्र पुरेसे होते. पण भिंतीची कड, पायऱ्यांचा कोपरा, दिव्याच्या खांबाचा पाया आणि मुख्य म्हणजे झाडांची आळी, इथे त्या यंत्राची चाके पोचत नाहीत, आणि जे काम महाराष्ट्रात विळ्याने आणि खुरप्याने होत आले, ते इथे पेट्रोलवर चालणाऱ्या ग्रास कटरने होते.

ग्रास कटर हे नाव पातेवाल्या आणि दोरीच्या अशा दोन्ही यंत्रांना सरसकट दिले जाते. इथे विचार आहे तो दोरीच्या यंत्राचा. सुमारे दीड मीटर लांबीच्या ॲल्युमिनियमच्या नळीच्या वरच्या टोकाला पंचवीस ते चाळीस घनसेंटिमीटरचे, हवेने थंड होणारे छोटे टू-स्ट्रोक इंजिन असते, नळीतून फिरता दांडा खाली जातो, खालच्या टोकाला दातेरी चाकांची डबी असते आणि तिच्याखाली नायलॉनच्या दोरीचे रीळ असलेले डोके. बंद अवस्थेत ही दोरी बोटाने सहज वाकवता येते. तिला धार नाही आणि टोकही नाही. कापण्याची ताकद तिला वेगातून मिळते, म्हणजे फिरताना बाहेर फेकले जाण्याच्या जोराने ती ताठ होते आणि पात्यासारखी वागू लागते. बेचाळीस सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ मिनिटाला ७,००० फेरे घेत असेल, तर दोरीचे टोक सेकंदाला सुमारे १५४ मीटर, म्हणजे ताशी साडेपाचशे किलोमीटरहून अधिक वेगाने जात असते. या आकड्याचा अर्थ नीट समजलेला माणूस गवतात लपलेल्या खड्याकडे, आणि झाडाच्या सालीकडेही, वेगळ्या नजरेने पाहतो.

या यंत्राचा जन्मही झाडांच्या बुंध्यापाशीच झाला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात १९७१ साली जॉर्ज बॅलास यांनी मोटार धुण्याच्या केंद्रात गोल फिरणारे नायलॉनचे ब्रश पाहिले, आणि गाडीचा रंग न खरवडता कानाकोपऱ्यांतून फिरणारी अशीच एखादी मऊ वस्तू झाडांच्या मुळांभोवतीचे गवत कापू शकेल असा विचार करून त्यांनी पत्र्याच्या डब्याला मासे पकडण्याची दोरी बांधून पहिला नमुना तयार केला. लोखंडी पात्याने झाडाला इजा होते, दोरीने होणार नाही, हा त्यामागचा हेतू होता. हेतू चांगला होता, पण ह्यूस्टन हे दमट हवेचे आणि भरपूर पावसाचे गाव आहे. त्यानंतर जपान, जर्मनी, स्वीडन अशा देशांत ही यंत्रे विकसित होत गेली, आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या सूचनापुस्तिकांतले तास, प्रमाणे आणि अंतरे बहुतांशी ओल्या, थंड, हिरव्या प्रदेशांचा अनुभव सांगतात. कुवेतमध्ये हे यंत्र चालवण्याचे कौशल्य म्हणजे त्या पुस्तिकेतील कोणता नियम कोरड्या हवेत कसा बदलतो हे ओळखणे, असे म्हणता येईल.

पहिला बदल धुळीमुळे करावा लागतो. वायव्येकडून येणारा शमाल वारा आणि वसंतात वादळी ढगांबरोबर येणारे सरायातचे झंझावात यांच्यामुळे हवेत जी बारीक धूळ भरते तिला स्थानिक लोक तोझ म्हणतात, आणि ही धूळ भिंतीआडच्या बागेतही तितकीच पोचते. तिच्यात क्वार्ट्झचे कण असतात आणि ते सिलिंडरच्या धातूहून कठीण असतात. टू-स्ट्रोक इंजिनात हवा, पेट्रोल आणि तेल यांचे मिश्रण थेट सिलिंडरमध्ये न जाता आधी खालच्या पेटीतून, म्हणजे क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधून, वर चढते. त्यामुळे फिल्टरमधून निसटलेला कण पिस्टनच्या रिंगला घासण्याआधी बेअरिंगमध्येही घर करतो. पुस्तिका फिल्टर काही तासांनी पाहायला सांगते. कुवेतमध्ये तो रोज पाहावा आणि तोझ येऊन गेला असेल तर इंजिन चालू करण्याआधीच पाहावा. स्पंजाचा फिल्टर साबणाच्या पाण्यात दाबून धुणे, सावलीत पूर्ण वाळवणे, दोन-चार थेंब तेल चोळून पिळून काढणे, एवढेच काम असते. पेट्रोलने धुण्याची सवय मात्र सोडावी, कारण त्याने स्पंज कडक होऊन चुरू लागतो. फिल्टर नीट बसला आहे का, याची खूण अगदी साधी आहे. तो काढल्यावर मागच्या कार्ब्युरेटरच्या तोंडात पांढऱ्या फडक्याचे टोक फिरवावे. फडक्यावर मातकट रंग उमटला, तर धूळ कडेच्या फटीतून आत जात आहे आणि फिल्टर कितीही स्वच्छ दिसला तरी तो निरुपयोगी आहे.

उष्णतेचा परिणाम याहून कमी दिसतो आणि अधिक नुकसान करतो. कुवेतच्या वायव्येकडील मित्रिबा येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने तीन वर्षांनी त्या नोंदीवर शिक्कामोर्तब केले; पण विक्रमाचे दिवस सोडले तरी जुलैमध्ये ४८ अंश ही रोजची गोष्ट आहे. पंधरा अंशांच्या हवेशी तुलना केली तर ४८ अंशांची हवा सुमारे एक दशांशाने विरळ असते. इंजिनात तेवढा प्राणवायू कमी जातो, पेट्रोल मात्र आधीच्याच मापाने येत राहते, त्यामुळे मिश्रण घट्ट होते, जोर उतरतो, आवाज जड आणि थोडा तुटक येतो. या वेळी हाताशी एक मोह असतो. कार्ब्युरेटरला दोन बारीक स्क्रू असतात, एक मंद गतीचा आणि दुसरा पूर्ण गतीचा. पूर्ण गतीचा स्क्रू किंचित आत फिरवला की पेट्रोल कमी येते, आवाज एकदम चढतो, सलग आणि तीक्ष्ण होतो, यंत्र नवे झाल्यासारखे वाटते. परंतु या इंजिनात वंगणाचे तेल वेगळे नसून ते पेट्रोलातच मिसळलेले असते, त्यामुळे पेट्रोल कमी केले की तेलही कमी होते, आणि पेट्रोलाच्या बाष्पाने होणारे आतले थंडावणेही कमी होते. बाहेर ४५ अंश असताना अशा इंजिनाचा पिस्टन सिलिंडरला चिकटायला एक सकाळ पुरते. भार नसताना पूर्ण गतीवर थोडा फुरफुरता आवाज येतो तो दोष समजू नये. तो मिश्रण पुरेसे ओले असल्याचा पुरावा आहे. शुवैखच्या औद्योगिक भागातील दुरुस्तीच्या दुकानांत ज्यांचे कान तयार झाले आहेत अशी माणसे स्क्रूला हात लावण्याआधी बराच वेळ नुसते ऐकत राहतात, ते याचसाठी.

इंजिन थांबवतानाही घाई चालत नाही. इंजिन बंद होते तेव्हा त्याच्यावर वारा घालणारा पंखाही बंद होतो, सिलिंडरमधली धग कार्ब्युरेटरकडे सरकते, आणि पेट्रोलमधील हलके अंश चाळीस अंशांच्या आतच वाफ होऊ लागत असल्यामुळे नळीत द्रवाऐवजी बुडबुडे भरतात. दहा मिनिटांनी इंजिन सुरू करण्याची दोरी ओढत बसणारा माणूस प्लग खराब झाला असे समजून तो बदलतो आणि तरीही यंत्र सुरू होत नाही. थांबण्याआधी अर्धा-एक मिनिट मंद गतीवर चालू ठेवावे, सावलीत टेकवावे, सिलिंडरच्या पाकळ्यांमध्ये चिकटलेला गवताचा चोथा ब्रशने काढावा. तापलेल्या टाकीचे झाकण मात्र कधीही झटक्याने उघडू नये, कारण आत दाबाखाली असलेले पेट्रोल कारंज्यासारखे उसळून गरम सायलेन्सरवर पडू शकते. कुवेतमध्ये १ जून ते ३१ ऑगस्ट या काळात सकाळी ११ ते दुपारी ४ पर्यंत उघड्यावर काम करून घेण्यास सरकारी मनाई असते. ती माणसांच्या जिवासाठी आहे आणि तशीच असावी, पण पहाटे पाचला सुरू झालेले इंजिनही अकरापर्यंत विश्रांतीला आलेले असते.

पेट्रोल आणि तेल यांचे प्रमाण पन्नासास एक असेल तर एक लिटरला वीस मिलिलिटर, पंचवीसास एक असेल तर चाळीस. हे मापाच्या बाटलीने मोजावे, झाकणाच्या अंदाजाने नव्हे. तयार मिश्रण पुस्तिकेत महिनाभर टिकते असे म्हटलेले असले तरी इथल्या उन्हात आठवड्याला लागेल तेवढेच करावे, कारण डब्यातले पेट्रोल उडून जाते आणि तेल मागे राहते, म्हणजे प्रमाण आपोआप बिघडते व कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर बसतो. कोकणात आंबा-काजूच्या बागेत बेणणीसाठी हेच यंत्र वापरणाऱ्या शेतकऱ्याची अडचण नेमकी उलटी आहे. भारतातील पेट्रोलात आता वीस टक्के इथेनॉल असते, त्यातले काही महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांतून येते, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेत असल्यामुळे पावसाळ्यात टाकीत राहिलेल्या मिश्रणाच्या तळाशी पाण्याचा थर साचतो. एका ठिकाणी हवा इंधन पिऊन टाकते, दुसऱ्या ठिकाणी हवा त्यात पाणी घालते. उपाय दोन्हीकडे एकच आहे: काही दिवस काम नसेल तर टाकी रिकामी करावी आणि उरलेले इंधन जळेपर्यंत इंजिन चालू ठेवावे. कार्ब्युरेटरमधला रबरी पडदा, ज्याच्यामुळे यंत्र कसेही तिरके धरले तरी पेट्रोल येत राहते, आणि टाकीतली बारीक नळी हे दोन्ही भाग उष्णतेने ताठरतात. उन्हाळा लागण्यापूर्वी ते बदलणे स्वस्त पडते. दातेरी चाकांच्या डबीत पंचवीसेक तासांनी ग्रीस भरावे, एवढे सांगितले की तिच्याविषयी फारसे उरत नाही.

दोरीविषयी मात्र बरेच सांगण्यासारखे आहे, आणि बहुतेक ठिकाणी तिलाच सर्वांत कमी महत्त्व दिले जाते. नायलॉन हा पाणी धरणारा पदार्थ आहे. साधे नायलॉन पूर्ण भिजले तर आपल्या वजनाच्या आठ-नऊ टक्क्यांपर्यंत पाणी शोषते, आणि हे पाणीच त्याला चिवट ठेवते. कुवेतच्या उन्हाळ्यात दुपारची आर्द्रता दहा टक्क्यांच्याही खाली जाते. अशा हवेत गाडीच्या मागच्या भागात महिनाभर पडलेले दोरीचे भेंडोळे वाकवले तर कट् असा आवाज येतो, आणि हीच दोरी यंत्रावर चढवली की पदपथाच्या काठाला पहिल्यांदा लागताच डोक्याच्या तोंडाशी तुटते. मग नवी दोरी बाहेर यावी म्हणून माणूस यंत्राचे डोके पुन:पुन्हा जमिनीवर आपटतो, दोरी वाया जाते, आणि ‘माल हलका आहे’ असा दोष दुकानदाराला दिला जातो. वापरण्याआधी एक दिवस दोरी पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली तर ती पुन्हा लवचिक होते. ज्या बागेत प्रत्येक थेंबाचा हिशेब असतो तिथे यंत्राच्या दोरीलाही पाणी पाजावे लागते, ही गोष्ट कळल्यावर यंत्राकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलतो.

रीळ भरण्यालाही हात लागतो. अडीच मिलिमीटरच्या आसपास जाडीची, चार-पाच मीटर लांबीची दोरी मधोमध दुमडून तिचा घडीचा भाग रिळाच्या खाचेत अडकवतात आणि दोन्ही पदर आपापल्या कप्प्यात बाणाच्या दिशेने गुंडाळतात. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला चिकटून, ताणून, शेजारी बसला पाहिजे. एखादा वेढा दुसऱ्यावरून तिरका गेला, तर इंजिनाच्या कंपनाने ते दोन एकमेकांवर घासतात, आधीच तापलेल्या हवेत घासून वितळतात आणि एकमेकांना जुळतात. असे रीळ उघडले की आत दोरीऐवजी एक गोळा सापडतो. म्हणून गुंडाळताना अंगठ्याने सतत दाब ठेवावा, कप्पा काठोकाठ भरू नये, आणि शेवटची दहा-बारा सेंटिमीटर दोरी खाचेत अडकवून मगच झाकण लावावे. झिजलेल्या दोरीचे कण मातीत पडतात आणि तिथेच राहतात, हेही विसरता येत नाही. भिजवलेली आणि नीट गुंडाळलेली दोरी कमी तुटते, म्हणजे मातीत प्लॅस्टिकही कमी जाते.

चालवताना शरीराचा डौल गवत कापण्याच्या जुन्या लांब दांड्याच्या कोयत्यासारखाच असतो. सरळ नळीच्या यंत्राचे डोके बहुधा, वरून पाहता, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते, म्हणून झोका उजवीकडून डावीकडे घ्यावा आणि कापून झालेली जागा डाव्या हाताला ठेवावी, म्हणजे कापलेले गवत तिकडेच ओळीने पडत जाते. पट्टा खांद्यावर इतका घट्ट असावा की हात वजन उचलत नाहीत, फक्त दिशा देतात. दोरीचे शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर एवढेच कापण्यासाठी वापरावेत. डोके गवतात खुपसले की वेग मरतो, क्लच तापतो. मागच्या बाजूचे प्लॅस्टिकचे संरक्षक कवच काढून टाकण्याची जी प्रथा जागोजागी दिसते ती धोक्याची आहे. कवचातली छोटी पाती दोरीला ठरलेल्या लांबीवर छाटते. ती गेली की दोरी लांब होते, वर्तुळ मोठे होते, काम भरभर झाल्यासारखे वाटते, पण छोट्या इंजिनावर न पेलणारा भार येतो आणि खडे थेट नडगीवर येतात. कुवेतच्या बागांत मातीवर खडी पसरण्याची पद्धत असल्यामुळे हे खडे काल्पनिक नाहीत. जाड बूट, नडगीचे रक्षण, कानांत बोळे आणि डोळ्यांवर चष्मा यांना पर्याय नाही. जाळीचा मुखवटा घामाने धुरकट होत नाही म्हणून आवडता असतो, पण त्यातून धूळ येते, तेव्हा चष्मा त्याच्याही आत हवा.

इतके सगळे जमले तरी खरा प्रश्न झाडाच्या बुंध्यापाशी उभा राहतो. सिद्र म्हणून ओळखले जाणारे झाड, जे आपल्या बोरीच्याच गोत्रातले आहे, कोवळे असताना त्याची साल पातळ असते. दोरीचा दोन सेकंदांचा स्पर्श ती सोलून काढतो. सालीच्या आतल्या थरातून पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाते, आणि खोडाभोवती सालीचे पूर्ण कडे निघाले की मुळे उपाशी पडतात. झाड लगेच मरत नाही. ते हिवाळा काढते, पुढच्या जूनमध्ये एकाएकी वाळते, आणि दोष उन्हाला किंवा पाण्याला दिला जातो. खजुराची गोष्ट आणखी गंभीर आहे. खजूर हे नारळ-सुपारीसारखे एकदल झाड. त्याच्या खोडात सालीखाली नवे लाकूड घडवणारा वाढीचा थर नसतो, अन्न-पाण्याच्या वाहिन्या खोडभर विखुरलेल्या असतात. त्यामुळे खजुराचे खोड एका कड्याने मरत नाही, पण त्यावर झालेली जखम कधीही भरून येत नाही. वर्षानुवर्षे दर आठवड्याला त्याच उंचीवर दोरी लागत राहिली तर बुंध्याला कमरपट्ट्यासारखी खोबण पडते. आणि अशा उघड्या, मऊ जागा लाल सोंड्या भुंग्याला अंडी घालण्यासाठी हव्याच असतात. कोकणातला नारळाचा बागायतदार या किड्याला चांगला ओळखतो; मूळचा दक्षिण आशियातला हा भुंगा १९८० च्या दशकात आखाती देशांत पोचला आणि खजुराचा सर्वांत मोठा शत्रू ठरला. त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात, आणि बाहेरून काही दिसू लागते तोपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. दहा-पंधरा वर्षे पाणी पाजून वाढवलेल्या झाडाला गवताच्या चार काड्यांसाठी ही वाट उघडून देणे याइतकी दुःखाची गोष्ट या कामात दुसरी नाही.

बुंध्याजवळ आणखी एक वस्तू असते, ठिबकची काळी नळी. ती गवताखाली झाकली गेलेली असते आणि दोरीने तिचा बारीक फाटा कापला जातो तेव्हा इंजिनाच्या आवाजात काहीच ऐकू येत नाही. पाणी ठरलेल्या वेळी, बहुधा रात्री, सुटते. सकाळपर्यंत ओल वाळून जाते, आणि एका झाडाचे पाणी वाळूत मुरते तर पुढच्या चार झाडांचा दाब पडतो. म्हणून छाटणी झाल्यावर पाणी एकदा हाताने सोडून ओळीवरून चालत जाण्याचा पाच मिनिटांचा रिवाज वफ्रा आणि अब्दालीच्या शेतांवर असो की शहरातल्या बागेत, पाळलाच पाहिजे.

यंत्राला त्यामुळे एक हद्द घालून द्यावी लागते. आळ्याच्या काठापर्यंत यंत्र जाते. काठावर इंजिन मंद केले जाते, डोके जमिनीला समांतर ठेवून बाहेरच्या बाजूची कड नीट केली जाते, आणि बुंध्यापासून हातभर अंतरावर ते थांबते. त्या पुढच्या हातभर जागेत माणूस उकिडवा बसतो. डाव्या हाताने ठिबकची नळी उचलून बाजूला धरतो, खुरप्याचे टोक हरळीच्या पेराखाली घालून तिचा आडवा दोर मुळासकट ओढून काढतो, कारण वरून कापलेली हरळी आठवड्यात परत येते आणि लव्हाळा तर गाठीसह काढल्याशिवाय जातच नाही. मग यंत्राने बाहेर कापून पडलेले गवत, बी धरले नसेल तर, आत ओढून बुंध्यापासून चार बोटे सोडून आळ्यात पसरले जाते. त्याच्या सावलीखाली ओल टिकते आणि नवे गवत उगवायला उशीर लागतो. काम आटोपल्यावर फिल्टर धुऊन दोरीवर वाळत घातला जातो, आणि नळाखालच्या बादलीत उद्याची दोरी भिजत पडते.